शेडयूटिलच्या वाटेवर तीन संध्याकाळी

लॅपटॉप शांत असला की माझ्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरच्या आवाजात टकटक यायची. मागे एखादा मोठा प्रोग्रॅम कंपाइल होत असला की आवाज एकदम स्वच्छ. चार दिवस मी साउंड कार्ड, बफर, केबल असं सगळं तपासत बसले होते. मशीनवर ताण आला की दुखणं पळतं आणि मशीन रिकामं झालं की परत येतं, हे एकदा नीट लक्षात आल्यावर मात्र संशय सरळ प्रोसेसरच्या घड्याळाकडे गेला. टकटक सुरू झाली होती लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, अपडेट केल्यानंतर. मग प्रोसेसरचा वेग सांभाळणाऱ्या, कर्नलच्या सीपीयूफ्रीक विभागात उतरले आणि तीन संध्याकाळी तिथेच होते. याच वाटेने कोणाला जायचं असेल तर कुठे पाय घसरतो ते आधीच कळावं, म्हणून हा वृत्तांत.

पहिली संध्याकाळ नुसतं बघण्यात गेली, आणि तशीच जाऊ द्यावी. काहीही बदलण्याआधी सिसएफएसमधल्या (कर्नलची मूल्यं फायलींसारखी दाखवणारी जागा) सीपीयूफ्रीक फोल्डरमध्ये जाऊन दोन फायली वाचा: स्केलिंग ड्रायव्हर आणि स्केलिंग गव्हर्नर. ड्रायव्हर म्हणजे प्रोसेसरशी प्रत्यक्ष बोलणारा, गव्हर्नर म्हणजे किती वेग मागायचा ते ठरवणारा. बहुतेक जण गव्हर्नरचं नाव वाचून थांबतात. ड्रायव्हर न बघता त्या नावाचा अर्थच लागत नाही. ‘पॉवरसेव्ह’ हेच घ्या. एसीपीआय ड्रायव्हरवर पॉवरसेव्ह म्हणजे घड्याळ किमान वेगाला खिळवून ठेवणं. इंटेल पीस्टेट ड्रायव्हर सक्रिय पद्धतीत असेल तर त्याच नावाखाली कामाप्रमाणे वेग वरखाली करणारी पूर्ण वेगळी यंत्रणा चालते. एकाचा सल्ला दुसऱ्याच्या मशीनवर उलटतो तो बहुतेक वेळा इथेच.

माझ्याकडे ड्रायव्हरच्या फायलीत ‘इंटेल सीपीयूफ्रीक’ असं आलं. हे नाव दिसलं की समजायचं, तोच पीस्टेट ड्रायव्हर आता निष्क्रिय पद्धतीत आहे आणि निर्णय कर्नलच्या सर्वसाधारण गव्हर्नरकडे गेला आहे. प्रोसेसर जुना, स्वतःहून वेग ठरवण्याची हार्डवेअरची सोय नसलेला. अशा मशीनसाठी २०२० मधल्या एका आवृत्तीपासून निष्क्रिय पद्धत हीच मूळ पद्धत झाली. मी बऱ्याच आवृत्त्या ओलांडून एकदम अपडेट केलं होतं, त्यामुळे माझ्याकडे तो बदल त्या दिवशी पोचला. गव्हर्नर होता शेडयूटिल, म्हणजे शीर्षकातला तोच.

वेग मापताना एक चूक मी केली. स्केलिंग कर फ्रीक ही सध्याचा वेग दाखवणारी फाइल दर सेकंदाला दहादा वाचणारी स्क्रिप्ट लावली आणि रिकाम्या मशीनचा वेगही चढलेला दिसला. वाचायला गेलं की प्रोसेसर जागा होतो, आणि त्या वाचण्याचंही त्याला काम पडतं. टर्बोस्टॅट हे वेग मोजणारं साधन वापरा, पाच-पाच सेकंदांच्या अंतराने. त्यात ‘ॲव्हरेज मेगाहर्ट्झ’ आणि ‘बिझी मेगाहर्ट्झ’ असे दोन रकाने आहेत. पहिल्यात झोपेचा वेळही धरलेला असतो, म्हणून तो आकडा लहान दिसला तरी घाबरू नये. कोर जागा असताना किती वेगाने धावतो ते दुसरा रकाना सांगतो. आपल्या कामाचा तोच. टकटक येत असताना माझा बिझीचा आकडा ८०० च्या आसपास होता, म्हणजे जवळजवळ तळाला. कंपायलर सुरू केला की चढायचा आणि टकटक थांबायची. या प्रोसेसरमध्ये सगळ्या जाग्या कोरांचं घड्याळ सर्वांत मोठ्या मागणीप्रमाणे चालतं, त्यामुळे कंपायलरने मागितलेला वेग सिंथेसायझरला आयताच मिळत होता.

दुसऱ्या संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसले. कर्नल २०१६ पासून शेडयूटिल देतो. त्याआधीचा ऑनडिमांड, २००४ चा, ठरावीक वेळाने डोकावून प्रोसेसर किती टक्के गुंतला होता ते बघायचा. शेडयूटिल शेड्युलरच्याच (कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणारा कर्नलचा भाग) हिशोबावर चालतो. कुठलं काम किती क्षमता खातं याची सरासरी शेड्युलर ठेवतोच, तिच्यात सव्वापट मोकळीक धरून शेडयूटिल वेग मागतो. जुन्या घडामोडींचं वजन या सरासरीत दर ३२ मिलिसेकंदांनी निम्मं होतं.

आता माझं काम बघा. सिंथेसायझर दर २० मिलिसेकंदांनी जागा होतो आणि पूर्ण वेगात ४ मिलिसेकंद गणित करतो. म्हणजे क्षमतेचा वापर २० टक्के. सव्वापट केली की २५ टक्के. कमाल वेग ३.२ गिगाहर्ट्झ असेल तर मागणी होते ८०० मेगाहर्ट्झची, आणि टर्बोस्टॅटमध्ये मी तेच बघत होते. चौथाई वेगात ४ मिलिसेकंदांचं काम १६ मिलिसेकंद घेतं. २० च्या आत संपलं, म्हणून शेडयूटिलच्या दृष्टीने सगळं ठीक. पण आवाजाच्या साखळीतला पुढचा टप्पा १० मिलिसेकंदांपलीकडे थांबत नाही! कामाची मुदत त्याच्या फेरीपेक्षा आधी संपते हे शेडयूटिलला सांगितलेलंच नव्हतं. तो चुकत नव्हता. हा हिशोब कागदावर उतरला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण दुरुस्ती कुठे करायची ते त्यातच लिहिलेलं होतं. किमान ४० टक्के वेग हवा, निम्मा असला तर ८ मिलिसेकंदांत काम उरकतं.

लगेच सुचणारा उपाय म्हणजे परफॉर्मन्स गव्हर्नर. तो लावला. टकटक गेली, पण अर्ध्या तासात पंख्याचा आवाज सिंथेसायझरच्या बरोबरीने यायला लागला. कारण सरळ आहे. चालू सर्किटची वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि वरच्या टोकाचा वेग मिळवायला व्होल्टेज चढवावंच लागतं. परफॉर्मन्समध्ये मेल तपासण्यासारखं फुटकळ कामसुद्धा त्या महागड्या व्होल्टेजवर होतं. पंखा पूर्ण फिरूनही ताप आवरला नाही, तर प्रोसेसर स्वतःच वेग पाडतो. थर्मल थ्रॉटल फोल्डरमधला मोजणीचा आकडा वाढताना दिसला की तेच चाललं आहे असं समजा.

त्याऐवजी किमान वेगाची पायरी उचलावी, असं माझं मत आहे. स्केलिंग मिन फ्रीक या किमान वेगाच्या फायलीत मी १६००००० लिहिलं (आकडा किलोहर्ट्झमध्ये असतो, शून्यं मोजून घ्या). किमान वाढवलं की मशीन रिकामं असतानाही वीज जळत राहते, अशी भीती बरेच जण घालतात. रिकामा कोर सी-स्टेटमध्ये, म्हणजे झोपेच्या अवस्थेत, जातो आणि गाढ झोपेत त्याचं घड्याळच थांबतं, तिथे किमान वेगाचा संबंध येत नाही. फरक पडतो तो जागेपणी. तिथेही व्होल्टेज आधीच तळाला टेकलेलं असेल, तर वेग आणखी कमी करून काम फक्त लांबतं आणि गळतीची वीज तेवढा जास्त वेळ जाते.

लिहिताना नेहमीची ठेच लागते ती ही: सुडो (प्रशासकाच्या हक्काने कमांड चालवणं) लावून इको केलं आणि बाणाने (>) फाइलकडे वळवलं, तर परवानगी नाकारली जाते. बाणाचं काम सुडोच्या बाहेर, तुमच्या साध्या शेलकडे असतं. इकोचा मजकूर पाइपने ‘सुडो टी’कडे द्या. प्रत्येक पॉलिसीच्या (एकाच वेगाच्या नियमाखालचे कोर) फोल्डरमध्ये वेगळं लिहावं लागतं, एकात लिहून बाकीच्यांना ते कळत नाही. आणि लिहिल्यावर परत वाचा, कारण मर्यादेबाहेरचा आकडा कर्नल आपल्या चौकटीत बसवून घेऊ शकतो.

तिसऱ्या संध्याकाळी याहून नेमकी वाट सापडली. सगळ्या मशीनची पायरी उचलण्यापेक्षा त्या एका कामालाच सांगता येतं, ‘तू चालशील तेव्हा निदान निम्मा वेग मिळेल.’ त्याला यूक्लॅम्प म्हणतात. ५.३ पासून कर्नलमध्ये आहे, पण कर्नल बांधताना तो पर्याय चालू केलेला असावा लागतो, आणि गव्हर्नर शेडयूटिलच हवा. युटिल लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांत यूक्लॅम्पसेट ही कमांड येते. ० ते १०२४ या मापात किमान ५१२ देऊन तिच्यामार्फत सिंथेसायझर सुरू केला. किमान वेग पुन्हा ८०००००, आवाज स्वच्छ, पंखा गप्प. रिअल-टाइम प्राधान्य देऊनही टकटक थांबते, कारण तशा कामासाठी शेडयूटिल एरवी थेट कमाल वेग मागतो. मला निम्माच हवा होता, म्हणून ते केलं नाही.

ज्यांचा प्रोसेसर नवा आहे आणि वेग स्वतः ठरवतो (इंटेलमध्ये स्कायलेकपासून ही सोय आली), त्यांना सक्रिय पद्धतीत गव्हर्नर दोनच दिसतील, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. तिथे पॉवरसेव्हवरच राहून एनर्जी परफॉर्मन्स प्रेफरन्सची, म्हणजे वीज वाचवायची की वेग घ्यायचा याचा कल सांगणारी, फाइल हाताळा. ‘बॅलन्स परफॉर्मन्स’पासून सुरुवात करा. परफॉर्मन्स गव्हर्नर लावलात तर ती फाइल तुमच्या हातात राहत नाही. एएमडीच्या पीस्टेट ड्रायव्हरमध्येही ६.३ पासून अशीच सक्रिय पद्धत आहे.

टीएलपी, ट्यूनडी किंवा पॉवर प्रोफाइल्स डीमन या वीज सांभाळणाऱ्या सेवांपैकी एकच चालू ठेवा, आणि हाताने काही बदलायच्या आधी तोही थांबवा. मी लिहिलेलं पहिलं मूल्य चार्जर काढल्याबरोबर पुसलं गेलं, ते अशाच एका सेवेमुळे. सिसएफएसमध्ये लिहिलेलं रीबूटनंतर टिकत नाही, म्हणून किमान वेगाची वाट निवडलीत तर मशीन सुरू होताना ते पुन्हा लिहिणारी सिस्टमडीची छोटी सर्व्हिस करा. यूक्लॅम्पला तीही लागत नाही. सिंथेसायझर सुरू करणाऱ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत मी ती कमांड घातली आहे. कर्नल बदलला की आधी ड्रायव्हरची फाइल वाचते आणि मगच बाकीचं बघते.