हालेचे अहवाल हातात घेऊन तरंगमबाडी आणि तंजावर

निघायच्या आधी महिनाभर रोज रात्री हालेचे अहवाल वाचत होते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या तरंगमबाडीतल्या लुथेरन (प्रोटेस्टंट पंथाच्या) मिशनऱ्यांची पत्रं आणि रोजनिशा जर्मनीतल्या हाले शहरात छापल्या जात. १७१० ते १७७२ या काळात त्यांचे १०८ भाग निघाले. ते वाचून लोक देणग्या पाठवत आणि त्या पैशावर इथल्या शाळा चालत. अहवाल आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. जुन्या वळणाची जर्मन अक्षरं सुरुवातीला छळतात, पण जमेल तेवढं वाचूनच जा. नाहीतर तरंगमबाडी म्हणजे समुद्र, किल्ला आणि दोन चर्च एवढंच दिसेल.

मयिलाडुतुरैपर्यंत रेल्वे आहे, पुढे तीसेक किलोमीटर बस. शुक्रवार टाळा, किल्ल्यातलं संग्रहालय बंद असतं. आम्ही दोघी सकाळी सातलाच पोचलो, ते बरं झालं. दहानंतर किनाऱ्यावर उभं राहवत नाही.

या मिशनऱ्यांतला पहिला, त्सीगेनबाल्ग, ९ जुलै १७०६ला इथे उतरला. पुढे डॅनिश गव्हर्नरने त्याला याच डान्सबोर्ग किल्ल्यात चार महिने डांबलं होतं. त्याने बांधलेलं १७१८चं न्यू जेरुसलेम चर्च दोन मिनिटांवर आहे. दर्शनी भिंतीवर डेन्मार्कच्या राजाचा मुकुट आणि आद्याक्षरं आहेत, आत वेदीसमोर त्सीगेनबाल्गची कबर. पण सगळ्यात जास्त वेळ ठेवा तो त्याच्या घरातल्या संग्रहालयासाठी. लंडनहून छापखाना आला, हालेहून तमिळ खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, आली. ते खिळे इतके मोठे की कागद पुरेना, म्हणून लहान खिळे इथेच ओतले आणि शेजारच्या पोरैयारला कागदाची गिरणी काढली. १७१५मध्ये तमिळ नवा करार छापून पूर्ण झाला.

अहवालांमागचा हेतू मदत मिळवण्याचा होता, त्यामुळे काय छापायचं हे हालेत ठरे. त्सीगेनबाल्गने १७१३मध्ये दक्षिणेतल्या देवदेवतांवर मोठा ग्रंथ लिहून पाठवला. हालेतून मिशनचं काम पाहणाऱ्या फ्रांकेने तो छापला नाही. मिशनरी हा धर्म उखडायला पाठवलेत, त्याची माहिती युरोपात पसरवायला नाही, असं त्याचं म्हणणं. ग्रंथ निघाला १८६७मध्ये. मला याचा आजही राग येतो. मात्र तमिळ लोकांनी मिशनऱ्यांच्या प्रश्नांना लिहिलेली उत्तरं याच अहवालांत छापली गेली. पूजा, लग्न, औषधं, आणि ख्रिस्ती लोकांच्या वागण्यावरची रोखठोक टीकासुद्धा. वाचायला वेळ थोडा असेल तर तेवढी पत्रं तरी वाचा.

दुसऱ्या दिवशी कुंभकोणमवरून तंजावर. शिवगंगा तळ्याजवळचं श्वार्ट्झ चर्च मराठी माणसाने चुकवू नये. आम्ही गेलो तेव्हा कुलूप होतं. शेजारी विचारलं, अर्ध्या तासाने किल्लीवाले आजोबा आले. हाताशी वेळ ठेवा. श्वार्ट्झ याच मिशनचा, त्याचीही पत्रं हालेत छापली जात. तंजावरच्या मराठी भोसले घराण्यातल्या सरफोजीराजांना लहानपणी त्याने शिकवलं, सांभाळलं. पुढे याच राजांनी तंजावरला देवनागरी छापखाना काढून मराठी पुस्तकं छापली. चर्चमधलं संगमरवरी शिल्प त्यांनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून घेतलं. श्वार्ट्झ मरणशय्येवर आहे आणि पागोटं घातलेले भोसले राजे त्याचा हात हातात धरून उभे आहेत. आजोबांनी खिडकी उघडली तेव्हा उजेड नेमका त्या दोन हातांवर पडला.