एलओआर, वेव्हर आणि "तूच ड्राफ्ट लिहून आण": माझा अनुभव

स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस करायला अमेरिकेतल्या काही युनिव्हर्सिटीजना अप्लाय केलं होतं. जीआरई, टोफेल, एसओपी (आपण का शिकणार ते सांगणारा निबंध) याबद्दल ढिगाने माहिती मिळते, ट्रान्सक्रिप्टसाठी कलिनाला मुंबई युनिव्हर्सिटीत काय करायचं तेही कोणी ना कोणी सांगतंच, पण एलओआर, म्हणजे सरांचं शिफारसपत्र, गोपनीय ठेवायचा म्हणजे नक्की काय आणि आपल्या मुंबईतल्या कॉलेजात ते कसं जमवायचं यावर कोणी नीट बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

फॉर्ममध्ये सरांचं नाव, हुद्दा, ईमेल टाकताना एक प्रश्न येतो, हे पत्र वाचायचा हक्क तुम्ही सोडताय का, हो की नाही. हा हक्क सोडणं म्हणजेच वेव्हर. बहुतेक जण न वाचता हो करून पुढे जातात. आमचे बाबा मात्र आयुष्यभर बँकेत, ते म्हणाले हक्क सोडतेयस तर कुठला ते आधी समजून घे, आणि बरं झालं म्हणाले. हा हक्क फेर्पा नावाच्या १९७४ च्या अमेरिकन कायद्यातून आलाय. विद्यार्थ्याला स्वतःचं रेकॉर्ड बघता येतं, त्यात शिफारसपत्रंही येतात, पण फक्त तिथे ॲडमिशन घेऊन शिकायला लागलात तरच. नकार आला तर तुम्ही वेव्हर दिलाय की नाही याने काहीच फरक पडत नाही, पत्र बघायचा हक्कच नसतो. दुसरं म्हणजे वेव्हर द्यायलाच हवा अशी सक्ती युनिव्हर्सिटी करू शकत नाही, नाही दिला म्हणून ॲडमिशन नाकारू शकत नाही. आणि दिला तरी कोणी कोणी पत्रं दिली ती नावं मागता येतात, शिवाय ते पत्र ज्या कामासाठी घेतलं त्याच कामासाठी वापरायचं हे बंधन राहतंच. एवढं कळल्यावर बाबांनाही पटलं.

मी सगळीकडे हो केलं. कारण सरळ आहे, मी वाचणार नाही हे माहीत असेल तर सर मोकळेपणाने लिहितील, आणि वाचणाऱ्यालाही कळेल की हे विद्यार्थिनीला खूश करायला लिहिलेलं नाही.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. आमच्या एका सरांनी लगेच हो म्हटलं आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले, "अगं तूच ड्राफ्ट लिहून आण, मी बघून सही करतो." त्यांचा हेतू वाईट नव्हता, सबमिशन, ओरल्स, पेपर तपासणी सगळं डोक्यावर आणि त्यात डझनभर मुलं एलओआर मागायला दारात उभी. पण मग मी ज्या टिकवर हो म्हटलं त्याला काय अर्थ राहिला? वाचणार नाही असं लिहून द्यायचं आणि पत्र आपणच लिहायचं, हे मला मनापासून खटकलं. मी म्हटलं, "सर, मी वाचणार नाही असं फॉर्ममध्ये लिहून दिलंय, ड्राफ्ट मी केला तर ते खोटं होईल. तुम्हाला लागेल ती माहिती देते, लिहा मात्र तुम्हीच." आणि एका पानावर फक्त माहिती दिली, कुठल्या सेममध्ये त्यांचा कोणता पेपर होता, प्रोजेक्टमध्ये लोकलच्या गर्दीचा डेटा कसा गोळा केला, कुठलं मॉडेल चाललं नाही आणि मग काय बदललं, प्रेझेंटेशनला त्यांनी कोणता प्रश्न विचारला होता. विशेषण एकही नाही, मी मेहनती आहे की हुशार ते त्यांनी ठरवायचं. सर पान वाचून म्हणाले, हे आठवतंय मला, लिहितो. दुसरं पत्र ज्या मॅडमकडे मागितलं होतं त्यांनी तर पान घेतलंही नाही, त्यांना सगळं लक्षात होतं.

मग ऑफिस. लेटरहेडवरच्या पत्राला आउटवर्ड नंबर लागतो आणि आमच्याकडे ऑफिस कॉपी फाइलला लावायची पद्धत, म्हणजे अमेरिकेत कोणी बघणार नाही पण इथे रजिस्टर उघडणारा कोणीही वाचणार! शिवाय टाइप करणाऱ्या काकांनी मलाच हाक मारून विचारलं, स्पेलिंग बघतेस का. मी नको म्हटलं आणि मॅडमना सांगितलं. त्यांनी प्राचार्यांशी बोलून असं ठरवलं की रजिस्टरमध्ये फक्त विषय आणि तारीख लिहायची, पत्र सर-मॅडमनी स्वतःच अपलोड करायचं. इथल्या एका स्कॉलरशिपला कागदी पत्र हवं होतं, ते पाकिटात बंद करून फ्लॅपवर आडवी सही आणि वर शिक्का मारून मिळालं, मी तसंच नेऊन दिलं.

एक गोष्ट ठासून सांगते. एका कन्सल्टंटने मला सुचवलं की सरांच्या नावाने जीमेल काढ, पत्र अपलोड करायची लिंक त्यावर येईल, बाकी आम्ही बघतो. कृपा करून असलं काही करू नका. ही सरळसरळ फसवणूक आहे, पकडलं गेलं तर तुमची ॲडमिशन तर जाईलच पण ज्या सरांना यातलं काही माहीतच नाही त्यांचं नाव खराब होईल, आणि त्यांच्या पुढच्या विद्यार्थ्यांच्या खऱ्या पत्रांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

माझा मामेभाऊ यूकेला अप्लाय करत होता, त्याने विचारलं आमच्याकडे हा टिक का नाही. तिथला कायदा वेगळा, २०१८ च्या डेटा प्रोटेक्शन ॲक्टमध्ये गोपनीय म्हणून दिलेल्या रेफरन्सला सूट आहे, त्यामुळे आपला डेटा मागितला तरी ते पत्र त्यातून वगळता येतं.

ईमेलचं आधीच बघून ठेवा. फॉर्म कॉलेजचा ऑफिशियल आयडी मागतात आणि आपल्याकडे बरेच सर जीमेलच वापरतात. आमच्या एका सरांकडे कॉलेजचा आयडी नव्हता, तर मी युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशन ऑफिसला मेल करून विचारलं, त्यांनी कॉलेजच्या वेबसाइटवरचं सरांचं फॅकल्टी पेज मागितलं आणि जीमेल चालवून घेतला. हे डिसेंबरच्या डेडलाइनला टेकून करू नका, दिवाळीच्या सुट्टीआधी उरका, कारण सुट्टीत सर गावी जातात आणि पोर्टलचे रिमाइंडर स्पॅममध्ये पडून राहतात. पत्र आलं की पोर्टलवर नुसतं 'रिसीव्ह्ड' दिसतं, आत काय आहे ते दिसत नाही, आणि सरांनी प्रेमाने सीसीत ठेवू का विचारलं तर नको म्हणा.