सिरोंच्याचा पूल आणि आमची वर्धा

सिरोंच्याच्या प्रवासातलं नागपूर, चंद्रपूर, आलापल्ली हे सगळं सोडून देतो. लिहायचंय ते प्राणहिता नदीवरच्या पुलाबद्दल. आलापल्लीपुढच्या शंभरेक किलोमीटरांनी मात्र हाडं खिळखिळी केली. इतका वाईट रस्ता माणसांच्या वाट्याला येऊ नये.

सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. तिथून पुलावर पायीच गेलो. पलीकडे तेलंगण. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एक होतात, तिथून पुढे प्राणहिता. म्हणजे बुलढाण्याकडून निघालेलं, यवतमाळचं, भंडाऱ्याचं, नागपूरच्या कन्हानचं पाणी याच खांबांमधून गोदावरीकडे जातं. पुलगावजवळच्या आमच्या गावात ज्या वर्धेत मी पोहायला शिकलो, तिचंही. कठडा धरून उभा होतो, एकदम भरून आलं.

निझामाबादहून जगदलपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६३ या पुलावरून सिरोंचा तालुक्यात शिरतो आणि पातागुडमला इंद्रावती ओलांडून छत्तीसगडात जातो. दोन नद्यांवर पूल झाले, म्हणून तीन राज्यं एका रस्त्यावर आली. देशाच्या दृष्टीनं हे मोठंच काम. पण त्याचं मोल मला कळलं ते गाडीची वाट बघत बसलेल्या एका आजीकडून. मांडीवर तापानं फणफणलेला नातू. मंचेरियालच्या दवाखान्यात निघाली होती.

"आजी, गडचिरोलीला नाही नेत?"

"लय दूर आहे बाबू. दोनशेच्या वर किलोमीटर, अन् रस्ता असा. पोरगं वाटेतच अर्धं होते."

"पूल नव्हता तेव्हा?"

"नाव होती. पूर आला का घरीच बसा. माझी एक लेक तशीच गेली."

तेलुगू वळणाच्या मराठीत तिनं हे इतक्या सरळ सांगितलं, की पुढे काही विचारवेना. तेवढ्यात जीप आली. पोराला पदराखाली घेऊन ती चढली.

दुसऱ्या दिवशी गोदावरीपलीकडे कालेश्वरला एकाच शाळुंकेवरची दोन लिंगं पाहिली. गर्दी फार, दर्शन घाईचं.

परतताना आलापल्लीचा रस्ता नकोच म्हटलं. हाच पूल ओलांडून चेन्नूर, मंचेरियाल आणि तिथून रेल्वेनं सेवाग्राम. विदर्भातून विदर्भात यायला तेलंगणातून जावं लागलं, याचा राग अजून उतरलेला नाही.