जेझेरो अपडेट: कोडिअॅकचे थर आणि तळ्याची पातळी

मंडळी, मंगळावरच्या जेझेरो विवरातल्या कोडिअॅक टेकडीचं मोझेक (बरेच फोटो जोडून केलेलं एक चित्र) एकदाचं झालं. पर्सिव्हरन्स रोव्हरच्या मास्टकॅम-झेड कॅमेऱ्याच्या रॉ फ्रेम्स घेतल्या, हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडल्या, रोव्हर तेव्हा लँडिंगच्या जागेजवळच होता आणि टेकडी सव्वादोन किलोमीटर लांब, त्यामुळे पॅरालॅक्सचा (कॅमेरा हलला की वस्तू सरकलेल्या दिसतात, त्याचा) त्रास नाही, डोकं खाल्लं ते रंगांनी. शेवटी रंगांचा नाद सोडला, सगळं ग्रेस्केल केलं. थर त्यातच जास्त उठून दिसतात.

आता खरी गंमत. कड्यावर खाली जवळपास आडवे थर, मधे चांगलेच कललेले, वर परत आडवे. नदी तळ्यात शिरली की वेग पडतो, वाळू-खडे तोंडाशीच बसतात आणि उतारावरून घरंगळत पुढे सरकत राहतात, ते मधले तिरके थर. बारीक गाळ त्याच्याही पुढे जाऊन तळाला. नुसता वरून दिसणारा पंख्याचा आकार बघून डेल्टा डेल्टा (नदीने तळ्याच्या तोंडाशी रचलेला गाळ) करणं मला कधीच पटलं नव्हतं, कारण तळं नसतानाही डोंगराच्या पायथ्याशी तसा पंखा होतो. हा कडा मात्र पटतो.

आणि तिरके थर जिथे वरच्या आडव्यांना भेटतात ती रेघ म्हणजे साधारण तेव्हाची पाण्याची पातळी! २०२१ च्या 'सायन्स'मधल्या पेपरात ती उणे २४९० मीटरच्या (म्हणजे मंगळासाठी ठरवलेल्या शून्य उंचीच्या तेवढी खाली) आसपास दिलीय. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये सीटीएक्सच्या (मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरचा कॅमेरा) डीटीएमवर, म्हणजे उंचीच्या नकाशावर, तेवढ्याच उंचीची रेघ (कंटूर) टाकली आणि बघतच बसलो, पूर्वेकडची बाहेर पडायची खिंड त्याच्या जवळपास १०० मीटर वर. म्हणजे हे थर बसत होते तेव्हा पाणी बाहेर पडतच नव्हतं, तळं बंदिस्त. पण खिंड तर कापली गेलीय, म्हणजे कधीतरी ते काठोकाठ भरून वाहिलंय (बहुतेक आधी). पातळी भरपूर वरखाली झाली असणार. त्यात मुख्य डेल्टाच्या कड्यात वरच्या बाजूला दीड मीटरपर्यंतचे धोंडे, ते काय संथ नदीचं काम नाही, पूरच हवा.

पुढचं काम म्हणजे दोन्ही पातळ्या (उणे २४९० ची आणि खिंडीची) वेगळ्या रंगात भरून थ्रीडी करायचं, उंची तिप्पट ताणून. हायराइज या जास्त बारकाईने टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा एक मीटरवाला डीटीएम सीटीएक्सवर बसवताना कडेला पायरी दिसतेय, कोणी ती नीट ब्लेंड केली असेल तर सेटिंग्ज टाका.