वटवाघूळ हातात न धरता

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी गुहेतल्या फलाहारी वटवाघळाचं वर्ष नोंदवायचं ठरलं तेव्हा माझी पद्धत पुस्तकात असते तीच होती. संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी जाळं लावायचं, अडकलेलं वटवाघूळ सोडवून कापडी पिशवीत घालायचं, वजन करायचं, कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड मोजायचं आणि मादी असेल तर पोट चाचपून गाभण आहे का बघायचं. प्रस्ताव छान टाइप केला, विभागप्रमुखांची सही घेतली आणि वन कार्यालयात दिला. गुहा अभयारण्यात येते, त्यामुळे तिथूनच सुरुवात.

फाईल परत आली. शेरा दोन ओळींचा होता: ‘पकडण्याची आवश्यकता स्पष्ट करावी. नेमके महिने नमूद करावेत.’ मी आवश्यकता स्पष्ट करायला बसले आणि कायदा पहिल्यांदा नीट वाचला. वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या वाचून बघा. नुसतं पकडणंसुद्धा शिकारीतच मोडतं. म्हणजे जाळ्यासाठी कलम १२ खाली वैज्ञानिक संशोधनाचा परवाना लागतो, आणि अभयारण्यात शिरून अभ्यास करायला कलम २८ खाली वेगळा. गंमत म्हणजे २०२२ च्या दुरुस्तीआधी फलाहारी वटवाघळं याच कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, कावळे आणि उंदीर-घुशींच्या पंगतीला, उपद्रवी म्हणून बसलेली होती. आता ती यादीच उरलेली नाही.

गाईड सर म्हणाले, “जाळं काढून टाक. बाहेरून जेवढं कळेल तेवढं कळव.” मला ते तेव्हा अजिबात पटलं नव्हतं. गाभण मादी बाहेरून कशी कळणार?

प्राणी कोणता ते सांगते. शास्त्रीय नाव रुसेटस लेशेनॉल्टी, इंग्रजी नाव फुलव्हस फ्रूट बॅट. अंगाने पिवळसर तपकिरी, तोंड कुत्र्यासारखं, डोळे टपोरे. वडा-पिंपळावर दिवसाढवळ्या उलटी लटकलेली दिसतात ती मोठी वटवाघळं वेगळी. ती डोळ्यांवर आणि वासावर चालतात, म्हणून उघड्या झाडावर राहतात. रुसेटसची जात फलाहारी असूनही जिभेने टिकटिक आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंती ओळखते. कीटक खाणारी छोटी वटवाघळं हा आवाज घशातून काढतात. रुसेटसने आपली वेगळी सोय केली आहे. त्यामुळे पार काळोखात शिरता येतं, आणि लेणी, भुयारं, पडक्या किल्ल्यांची तळघरं, न वापरातल्या विहिरी सगळं चालतं. गुहेच्या तोंडाशी कान देऊन उभं राहिलं की ही टिकटिक साध्या कानालाही ऐकू येते. एकेक नाही, जोडीजोडीने येते.

वर्षाचं वेळापत्रक मला आयतं मिळालं. गोपालकृष्ण आणि चौधरी यांचा १९७७ चा शोधनिबंध माझ्याआधी कितीतरी जणांनी वाचलेला असणार. या वटवाघळाची मादी वर्षातून दोनदा विते. पहिला गर्भ नोव्हेंबरच्या सुमारास राहतो, पिल्लू मार्चमध्ये होतं. वेत झाल्यावर ती लगेच पुन्हा माजावर येते आणि दुसरं पिल्लू जुलै-ऑगस्टमध्ये होतं. गर्भकाळ सुमारे चार महिन्यांचा, एका वेळी सहसा एकच पिल्लू. माद्या पाचएक महिन्यांत वयात येतात, नरांना मात्र सव्वा वर्ष लागतं. हे सगळं त्या काळी वटवाघळं मारून, चिरून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून मिळवलं गेलं. त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण तेच पुन्हा सिद्ध करायला आणखी जीव कशाला, हा शेरा मारणाऱ्या साहेबांचा मुद्दा हे वाचल्यावर मला उमगला. नव्या प्रस्तावात मी एवढंच लिहिलं की हे वेळापत्रक एका गुहेत, बाहेरून, प्राण्याला हात न लावता तपासता येतं का ते बघायचं आहे. महिनेही लिहिले. परवानगी आली.

त्याआधी लसी. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेतल्याशिवाय सरांनी पाठवलंच नसतं: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. हात लावणार नव्हते तरी. शिवाय चांगला मास्क, कारण गुहेतल्या सुकलेल्या विष्ठेच्या धुळीत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी असू शकते आणि ती फुप्फुसात जाते. पायथ्याच्या वाडीतली भीती दुसरीच होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून घेतलेल्या नमुन्यांत, यात हीच जात होती, निपाह विषाणूची प्रतिपिंडं सापडली. ती बातमी २०२१ मध्ये आली आणि तेव्हापासून लोक धास्तावले आहेत. प्रतिपिंडं सापडणं म्हणजे त्या प्राण्याला कधीतरी संसर्ग होऊन गेला, एवढंच. पण सोबत येणाऱ्या वनरक्षकाला पारावर एका मावशींनी विचारलं, “धूर करून हाकलून का देत नाही रे?” तो म्हणाला, “मावशी, हाकलली तर तुमच्याच आढ्याला येऊन बसतील.” यापेक्षा चांगलं उत्तर मलाही सुचलं नसतं.

आता मोजणी. तोंडापासून बाजूला, आभाळ पाठीमागे येईल अशी जागा धरायची. इन्फ्रारेड दिवा आणि व्हिडिओ कॅमेरा तिवईवर. हातात टॅली काउंटर, म्हणजे बटण दाबून आकडा पुढे न्यायची यंत्रं, दोन, एक बाहेर जाणाऱ्यांसाठी, एक आत येणाऱ्यांसाठी, कारण अर्धी मंडळी बाहेर येऊन एक घिरटी मारतात आणि परत आत शिरतात. नुसतं बाहेर पडणारं मोजलं तर आकडा फुगतो. आधी छोटी कीटकभक्षी वटवाघळं उजेड असतानाच सुटतात, त्यांना मोजायचं नाही. आकाश पुरतं काळवंडलं की रुसेटस निघतात, पंख रुंद आणि उडणं जड, त्यामुळे गोंधळ होत नाही. चांदण्या रात्री ती रेंगाळतात. पौर्णिमेच्या आसपास बसून बसून पाय आखडायचे.

खाणं कळायला आत जायची गरजच नाही. गुहेपासून थोडं लांब, उंबराच्या आणि जांभळाच्या झाडांखाली चोथे पडलेले असतात. हे वटवाघूळ फळ चावतं, टाळूवर दाबून रस पितं आणि उरलेला चोथा थुंकतं. एक चोथा तळहातावर घेऊन भिंगाखाली बघितला तर टाळूच्या आडव्या वळ्यांचा ठसा त्यावर स्पष्ट दिसतो, एका बाजूला सुळ्यांची भोकं. वड-उंबराच्या बारीक बिया मात्र पोटात जातात आणि थोड्याच वेळात विष्ठेवाटे कुठेतरी पडतात. तोंडाशी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावर मी त्या वेचायचे. काटेसावर फुलली की विष्ठा पिवळी, परागांनी भरलेली.

मार्च उजाडला आणि माझा प्रश्न सुटला. सुटला म्हणजे अर्धाच. गाभण मादी बाहेरून कळत नाही ती नाहीच. पण वेत झालेली कळते. व्हिडिओ संथ करून बघितल्यावर काही आकृत्यांच्या छातीखाली उंचवटा दिसू लागला आणि त्यांचं उडणं खाली दबलेलं. पिल्लू आईच्या काखेजवळच्या सडाला तोंडाने आणि बोटांच्या नखांनी घट्ट धरून असतं आणि सुरुवातीला ती त्याला घेऊनच चरायला जाते. पुढे उंचवटे कमी होत गेले. पिल्लं मेली की काय, असं वाटलं असतं, पण मोजणी संपल्यावर कॅमेरा बंद करून उभं राहिलं की रिकाम्या म्हणवणाऱ्या गुहेतून बारीक चिरचिर येत राहायची. पिल्लं मोठी झाल्यावर आया त्यांना आत सोडून जात होत्या. तेव्हापासून मी निघण्याआधी कान देऊन ऐकणं हा नोंदवहीतला वेगळा रकानाच केला.

आणि हेच ते दिवस, जेव्हा सुट्टीतली मंडळी टॉर्च आणि ब्लूटूथ स्पीकर घेऊन गुहा बघायला येतात. कळप एकदम उडाला की धरून बसलेलं पिल्लू सुटतं, आणि खाली पडलेलं पिल्लू बहुधा वाचत नाही. त्यातही ती आई त्याच वेळी पुढच्या गर्भाची असते. वर्षाला फार तर दोन पिल्लं, हा हिशेब वटवाघळांना उंदरांसारखं समजणाऱ्या लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. अहवालात मी मार्च ते मे आणि जुलै-ऑगस्ट गुहेचं तोंड पर्यटकांना बंद ठेवावं असं सुचवलं. गुहेचं नाव अहवालाच्या एकाच प्रतीत आहे, इथेही देत नाही.

पावसाळ्यातल्या दुसऱ्या वेताबद्दल फार सांगण्यासारखं नाही. धुक्यात इन्फ्रारेड दिवा म्हणजे पांढरा पडदा. उघडीप मिळाली तेव्हा उंचवटे पुन्हा दिसले, चिरचिरही.

कुणी असा अर्ज करणार असेल तर कलम २८ ची परवानगी मोजणी सुरू करायच्या खूप आधी मागा, लेणं पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असेल तर त्यांची वेगळी लागते. जाळं खरंच लागणार असेल तरच कलम १२ कडे वळा, आणि वेताच्या महिन्यांत ते लावणार नाही असं आपणहून लिहून द्या. ‘वर्षभर’ हा शब्द अर्जात टाळा.