मोथ्याला उकडलं, पण आधी वाळवायला हवं होतं

इंदूरला लोकमान्यनगरात आमच्या घरामागे दहा बाय बारा फुटांचं परसू आहे. माती माळव्याची, काळी, चिकट. मेथी पेरली की तिच्याआधी लव्हाळा वर. इथे सगळे त्याला मोथा म्हणतात. उपटला की पात हातात येते, गाठ खालीच. आणि तिला दोऱ्यासारख्या मुळीने पुढची गाठ जोडलेली.

या गाठी मारायला मे महिन्यात प्लास्टिक अंथरून माती तापवायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, "काली पन्नी ले लो, घास के लिए सब वही ले जाते हैं." पण काळी पन्नी स्वतः तापते, खालची माती तितकी नाही. मी 25 मायक्रॉनची पारदर्शक घेतली. जमीन खणली, ढेकळं फोडली, सपाट केली आणि भरपूर पाणी सोडलं. ओल्या मातीतून उष्णता खोल जाते. दुसऱ्या दिवशी पन्नी ताणून मातीला चिकटवली, कडा चरात पुरल्या. आई गच्चीवर कुरडया घालत होती. "अरे, एवढी चांगली पन्नी मातीत? मला दे की पापडांना!"

सहा आठवडे ठेवली. दुपारी तीनला दोन इंचांवर थर्मामीटर 51 दाखवी, वीतभर खाली मात्र 39. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्याच्या रात्रींचं, सगळ्यांना कौतुक. मला त्या गार रात्रींचा पहिल्यांदाच राग आला. मांजरीने दोनदा भोकं पाडली, ती चिकटपट्टीने बुजवली.

पावसाच्या तोंडावर पन्नी काढली. गाजरगवत पुन्हा उगवलंच नाही, हरळीच्या वरवरच्या काड्या चुरचुरीत झाल्या होत्या. मग मी शहाणपणा केला: माती भुसभुशीत व्हावी म्हणून पुन्हा खोल खणली. खाली वाचलेल्या गाठी मीच वर आणल्या. पंधरा दिवसांत मोथा हजर.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच फूटभर खणलं आणि पाण्याचा थेंब दिला नाही. तीन आठवडे गाठी उन्हात उघड्या ठेवल्या, आई सांडगे परतते तशी माती खालीवर करत राहिलो. मोथ्याची गाठ सुकली की मरते, ओलाव्यात तग धरते. ते झाल्यावर पाणी आणि पन्नी. काढल्यावर कुदळ लावली नाही. बोटभर खोल रेघा ओढून मेथी पेरली.

मेथी मोकळी आली. मधूनमधून एखादी पात दिसते, ती कोवळी असतानाच काढतो. भिंतीलगतच्या हातभर पट्ट्यावर दुपारनंतर सावली येते. तिथे पन्नीखालची माती तितकी तापत नाही, मोथाही जसाच्या तसा आहे. आई म्हणते, तिथे अळू लाव.