मोसंबीच्या बागेपासून कारखान्याच्या टाकीपर्यंत : आमची वाटचाल

छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचे औरंगाबाद) वाळूज औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये तीन कारागिरांना घेऊन आम्ही काम सुरू केले, तेव्हा ठिबक संचाला लागणाऱ्या वाळूच्या फिल्टरच्या टाक्या वेल्डिंग करून देणे एवढेच आमचे जॉबवर्क होते. स्वतःच्या नावाने पहिला फिल्टर आम्ही पैठण तालुक्यातील एका मोसंबीच्या बागेत बसवला आणि तो अपयशी ठरला. शेततळ्यात साठवलेल्या कालव्याच्या पाण्याला शेवाळ धरले होते आणि आम्ही भरलेली वाळू जाड होती, त्यामुळे काही आठवड्यांतच ड्रिपर, म्हणजे झाडाशी थेंब-थेंब पाणी सोडणारी तोंडे, बुजू लागली. बागाईतदारांनी आवाज चढवला नाही. त्यांनी लॅटरलचा, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळीचा, एक तुकडा कापून, उभा चिरून आतला हिरवट थर आम्हाला दाखवला. तो तुकडा आजही आमच्या कार्यालयात आहे.

त्यानंतर वाळू चाळून एकसारख्या दाण्याची घेणे, फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज बसवणे आणि दोन्हींच्या दाबातला फरक वाढला की पाणी उलटे सोडून वाळू धुणे, म्हणजेच बॅकवॉश करणे, हे प्रत्येक शेतकऱ्याला आम्ही स्वतः शेतावर उभे राहून शिकवू लागलो. धुण्याचे ते पाणी बांधावरच्या झाडांना जात असे, त्यामुळे ते वाया जाते असे आम्हाला कधी वाटले नाही.

आमचा सगळा व्यवसाय नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर उभा आहे. 1976 साली लोकार्पण झालेल्या या धरणातून डावा कालवा 208 किलोमीटर आणि उजवा 132 किलोमीटर जातो, आणि त्याच जलाशयातून शहराला व आमच्या औद्योगिक वसाहतीलाही पाणी मिळते. 2012-13 च्या दुष्काळात धरण मृतसाठ्यात गेले, पैठण-अंबड पट्ट्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या आणि ज्यांनी आमच्याकडे संचासाठी विसार दिला होता, त्यांतल्या काहींनी झाडे तोडून सरपण केले. विसाराची रक्कम आम्ही परत केली. त्या वर्षी पगार वेळेवर देण्यासाठी मला घरातील दागिने गहाण ठेवावे लागले.

कारखान्यांकडे आम्ही वळलो ते 2016 मध्ये. त्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात आधी 50 आणि मग 60 टक्के कपात करण्याचा आदेश दिला; इतर उद्योगांनाही, प्रमाण कमी असले तरी, कपात लागू झाली. शेजारच्या एका कारखान्याच्या देखभाल विभागाने आम्हाला बोलावले. तिथे आमच्या फिल्टरांसारखेच, फक्त आकाराने मोठे, वाळूचे फिल्टर होते आणि त्यांच्या बॅकवॉशचे पाणी रोज थेट गटारात जात होते. शेतात जे पाणी झाडाच्या मुळाशी पोहोचते, ते इथे कोणी मोजतही नव्हते, हे पाहून मला मनापासून वाईट वाटले, कारण गेली अनेक वर्षे त्याच वसाहतीत राहून आम्हीही तिकडे पाहिले नव्हते.

आम्ही तिथे निवळण-टाकी बांधली. बॅकवॉशचे पाणी तीत येते, गाळ तळाशी बसतो आणि वरचे नितळ पाणी पुन्हा फिल्टरच्या आधी सोडले जाते. सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारे यंत्र) मिठाने धुतल्यावर निघणारे खारट पाणी मात्र त्यात मिसळू द्यायचे नाही, यासाठी वेगळी वाहिनी आणि वेगळा व्हॉल्व्ह द्यावा लागला. हा खर्च टाळण्याचा आग्रह ग्राहक अजूनही धरतात आणि आम्ही अशा वेळी काम नाकारतो.

राज्याने 2011 मध्ये पाणीवाटपाच्या प्राधान्यक्रमात शेतीला उद्योगाच्या वर आणले, ते मला योग्यच वाटते, जरी माझे पोट आता अर्धे उद्योगावर भरते. नाशिक-नगरच्या धरणांतून खाली जायकवाडीत किती पाणी सोडायचे, यावर कमी पावसाच्या वर्षी ताण निर्माण होतो. तिथल्या शेतकऱ्यांची चिंता खोटी नाही आणि आमच्याकडच्या शेतकऱ्यांचीही नाही. म्हणूनच खाली आलेले पाणी कारखान्यात दुसऱ्यांदा वापरले गेलेच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

आता आमच्याकडे 14 कामगार आहेत. गेल्या वर्षापासून प्रत्येक नव्या फिल्टरच्या बॅकवॉश वाहिनीवर आम्ही पाण्याचा मीटर बसवूनच देतो, आणि पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी आमचा माणूस दर सोमवारी स्वतः जाऊन घेतो.